एका ट्रान्सफॉर्मरमधून दोन व्होल्टेज: व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर बांधणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील उत्तरांत, वेगळे काही सांगितले नसेल तेथे, ३००-०-३०० व्होल्टची सेकंडरी (बाहेर व्होल्टेज देणारी वाइंडिंग; तिच्या मध्यातून काढलेली तार म्हणजे सेंटर टॅप, आणि त्याच्यापासून प्रत्येक टोकाला ३०० व्होल्ट) असलेला ट्रान्सफॉर्मर आणि २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा घरगुती पुरवठा गृहीत धरला आहे. आकडे बिनभाराचे आहेत. भार पडल्यावर ते पाच ते दहा टक्क्यांनी उतरतात.

मुळात दोन वेगळी व्होल्टेज लागतातच कशाला?

पेंटोड किंवा बीम टेट्रोड जातीच्या पॉवर व्हॉल्व्हमध्ये (स्पीकरला शक्ती देणाऱ्या निर्वात नळीत) किती करंट वाहायचा हे प्लेटपेक्षा, म्हणजे करंट गोळा करणाऱ्या पत्र्यापेक्षा, तिच्या आतल्या स्क्रीनचे व्होल्टेज अधिक ठरवते. प्लेट बऱ्याच चढ्या व्होल्टेजवर चालू शकते. स्क्रीन मात्र पातळ तारेची जाळी असल्यामुळे तिला तेवढी उष्णता सोसत नाही. ईएल३४ या पॉवर पेंटोडचे उदाहरण घ्यावे. प्लेटला ८०० व्होल्ट, स्क्रीनला ४०० व्होल्ट आणि प्लेट-ते-प्लेट ११ किलोओहमचा भार दिला, तर दोन ईएल३४ मिळून १०० वॉट देतात, असे उत्पादकांच्या माहितीपत्रकातच छापलेले आहे. त्याच जोडीकडून ४३० व्होल्टच्या आसपास साधारण ५० वॉट मिळतात. म्हणजे ज्याला या व्हॉल्व्हकडून पूर्ण काम करून घ्यायचे आहे, त्याला बरोबर दुप्पट-निमपट अशी दोन व्होल्टेज हवी असतात. १९७० च्या दशकातील म्युझिक मॅन गिटार ॲम्प्लिफायरमध्ये प्लेटला सुमारे ७०० आणि स्क्रीनला त्याच्या निम्मे व्होल्टेज असे, ते याच कारणासाठी.

याशिवाय प्रीॲम्प्लिफायरचा प्रश्न आहेच. ईसीसी८३ या पहिल्या टप्प्यातील छोट्या व्हॉल्व्हची प्लेट ३०० व्होल्टच्या वर नेऊ नये असे उत्पादक सांगतात. पण तेथील करंट इतका थोडा असतो की ते काम एका रेझिस्टरवर भागते.

सेंटर टॅपवर अर्धे व्होल्टेज येते, ते नेमके कसे?

नेहमीच्या पद्धतीत सेंटर टॅप चासीला (धातूच्या सांगाड्याला, म्हणजे शून्य व्होल्टला) जोडतात, दोन टोकांना दोन डायोड लावतात आणि ४२४ व्होल्ट (३०० चे शिखर, म्हणजे १.४१४ पट) मिळवतात. आता टॅप चासीपासून सोडवावा, दोन टोकांमध्ये चार डायोडचा ब्रिज बसवावा आणि ब्रिजचे ऋण टोक चासीला द्यावे. धन टोकावर पूर्ण ६०० व्होल्ट वाइंडिंगचे शिखर, म्हणजे ८४८ व्होल्ट येते. टॅपचे काय होते? ब्रिजच्या खालच्या दोन डायोडमुळे वाइंडिंगचे जे टोक त्या क्षणी ऋण असेल ते चासीला बांधले जाते आणि टॅप त्याच्यापासून अर्ध्या वाइंडिंगइतका वर राहतो. पुढच्या अर्ध्या आवर्तनात दुसरे टोक खाली येते, पण टॅप पुन्हा वरच. त्यामुळे टॅप कधीच ऋण होत नाही. त्यावर १०० हर्ट्झची पूर्ण-लहर मिळते आणि कपॅसिटर लावला की ४२४ व्होल्ट स्थिर होते. खालचे दोन डायोड हे स्वतःच टॅपचे रेक्टिफायर असतात, म्हणून टॅपला वेगळा डायोड लागत नाही.

ज्याने ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर बांधला आहे त्याला ही मांडणी ओळखीची वाटेल, आणि ती खरोखरच ओळखीची आहे. अधिक-उणे ३५ व्होल्टच्या सप्लायमध्ये सेंटर टॅप हा शून्य असतो आणि वर-खाली दोन रेल (पुरवठ्याच्या तारा) असतात. तोच सप्लाय घेऊन खालची रेल शून्य मानली, की मधला बिंदू अर्धा आणि वरची रेल पूर्ण होते. तारा त्याच, डायोड तेच. फक्त चासीचा जोड हलला आहे. पुढच्या बहुतेक शंका हे एवढे लक्षात ठेवले की आपोआप सुटतात. अमेरिकेतील हौशी रेडिओवाले जुन्या टीव्हीचे ट्रान्सफॉर्मर वापरून अशाच रीतीने ट्रान्समीटर चालवत आणि या मांडणीला ‘इकॉनॉमी पॉवर सप्लाय’ म्हणत.

व्होल्टेज दुप्पट झाले, मग वॉटही दुप्पट मिळतील का?

नाही. ट्रान्सफॉर्मरचे लोखंड आणि तांबे तेवढेच राहते. कपॅसिटर-इनपुट फिल्टर असताना सेंटर टॅपच्या जुन्या पद्धतीत वाइंडिंगच्या एसी क्षमतेइतका डीसी करंट घेता येतो, तर ब्रिजमध्ये सुमारे ०.६२ पट. म्हणजे २०० मिलिॲम्पिअरच्या वाइंडिंगमधून ८४८ व्होल्टवर सुमारे १२४ मिलिॲम्पिअर डीसी मिळेल. व्होल्टेज दुप्पट आणि करंट निम्म्याहून थोडा जास्त, असा हा व्यवहार आहे.

दोन्ही रेलवर भार असताना ढोबळ हिशेब असा करावा, की टॅपवरील करंट निम्मा धरून तो वरच्या रेलच्या करंटमध्ये मिळवायचा आणि बेरीज त्या १२४ च्या आत ठेवायची. टॅपवर ३० मिलिॲम्पिअर जात असतील, तर ते वरच्या रेलवरील १५ समजावेत. दोन ईएल३४ सलग १०० वॉट देत असताना प्लेटचा करंट १८० मिलिॲम्पिअरच्या आसपास जातो. म्हणून सतत साइन-वेव्हवर तपासणी करायची असेल, तर ३०० मिलिॲम्पिअरहून अधिक क्षमतेची सेकंडरी लागेल. संगीत सतत शिखरावर नसते, त्यामुळे घरी ऐकण्यासाठी याहून लहान ट्रान्सफॉर्मर चालून जातो, पण गिटारवाल्यांनी या सवलतीवर फार विसंबू नये.

जुन्या ॲम्प्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर काढून असा वापरता येईल का?

वापरता येईल, पण इन्सुलेशन पाहून. टॅप चासीला असताना वाइंडिंगचे टोक कोअरच्या संदर्भात ४२४ व्होल्टच्या वर-खाली जात असते. ब्रिजमध्ये तेच टोक शून्य ते ८४८ असे फिरते आणि टॅपसुद्धा कायम ४२४ वर बसलेला असतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या कागदावर हा दुप्पट ताण आपण आणत आहोत, हे विसरू नये. माझ्याकडे आलेला प्रत्येक जुना ट्रान्सफॉर्मर मी आधी १००० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरवर) सेकंडरी ते कोअर आणि सेकंडरी ते प्रायमरी असा तपासतो; शंभर मेगओहमच्या बऱ्याच वर वाचन आले तरच पुढे जातो. काही मेगओहमवरच काटा थांबला, तर तो ट्रान्सफॉर्मर जुन्याच पद्धतीने वापरावा.

नवा करून घेत असाल, तर वाइंडिंग करणाऱ्याला केवळ ‘३००-०-३००’ एवढेच सांगून थांबू नये. ब्रिजवर वापरणार आहे, टॅपमधून डीसी घेणार आहे, सेकंडरीचा एसी करंट किती आहे आणि कोअरपासून इन्सुलेशन किती व्होल्टचे हवे, हे लिहून द्यावे. स्टॅम्पिंगचा आकार आणि तारेचा गेज तो आपला आपण ठरवतो. टॅपची तार टोकांच्या तारेपेक्षा बारीक घेण्याची काहींना सवय असते, ती येथे चालणार नाही.

डायोड कोणते घ्यावेत?

प्रत्येक डायोडवर उलट्या दिशेने ८४८ व्होल्ट येतात. १एन४००७ ची मर्यादा १००० व्होल्टची आहे, पण पुरवठा २५० व्होल्टवर गेला तर ८४८ चे ९२० होतात आणि हातात फारसे काही उरत नाही. प्रत्येक भुजेत दोन डायोड सिरीजमध्ये घालावेत, म्हणजे एकूण आठ. आठ डायोड एका व्हॉल्व्हच्या किमतीपुढे काहीच नाहीत.

८५० व्होल्टचा कपॅसिटर कोठे मिळतो?

तो शोधत बसू नये. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत ४५० व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक सहज मिळतात. त्यांतले दोन सिरीजमध्ये जोडावेत आणि प्रत्येकावर २२० किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टर समांतर लावावा. प्रत्येक रेझिस्टरमध्ये ०.८ वॉट जिरतात, म्हणून अर्ध्या वॉटचा चालणार नाही. पुरवठा वाढला तर प्रत्येकावर ४६० व्होल्टपर्यंत येऊ शकतात, तेव्हा ५०० व्होल्टचे मिळाले तर तेच घ्यावेत.

या दोन कपॅसिटरच्या मधल्या जोडालाच सेंटर टॅप जोडला, की खालचा कपॅसिटर हाच स्क्रीनच्या रेलचा फिल्टर होतो, दोन्हींवरील व्होल्टेज वाइंडिंगच समान ठेवते आणि एका कपॅसिटरचा खर्च वाचतो. रेझिस्टर तरीही काढू नयेत, कारण बंद केल्यावर साठा रिकामा करण्याचे काम त्यांचेच आहे. दोन्ही कपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचे असतील, तर ८४८ वरून ५० व्होल्टपर्यंत उतरायला साधारण एक मिनिट लागते.

या जोडणीत एक धोका आहे, आणि तो मी स्वतःच्या हलगर्जीपणामुळे शिकलो. टॅपच्या तारेचा टॅगबोर्डावरील जोड माझ्याकडून कोरडा राहिला होता. वरून चकचकीत दिसत होता, पण तार आत हलत होती. ॲम्प्लिफायर दोन संध्याकाळी उत्तम वाजला. तिसऱ्या दिवशी गाणे चालू असताना आवाज तीन-चार सेकंदांत विरत गेला, जणू कोणी व्हॉल्यूम सावकाश खाली आणत आहे. मी स्पीकरची तार पाहायला वाकलो तेवढ्यात चासीतून फस्स असा आवाज आला आणि खोलीभर तो ओळखीचा आंबूस वास पसरला. झाले असे होते, की टॅप सुटल्यावर खालच्या कपॅसिटरला भरणारे कोणी उरले नाही. स्क्रीन त्यातून करंट ओढतच राहिल्या, मधला जोड खाली गेला आणि जवळजवळ सगळे ८५० व्होल्ट एकट्या वरच्या कपॅसिटरवर येऊन पडले. त्याचे झाकण फुगून फाटले होते. तेव्हापासून टॅपची तार मी टॅगच्या भोकातून पूर्ण वळसा घालूनच डाग देतो.

मग फ्यूज कोठे घालावा?

वरील प्रसंगावरून उत्तर निघते. टॅप आणि कपॅसिटरचा मधला जोड यांच्या दरम्यान फ्यूज घालू नये, कारण तो उडाला की नेमकी तीच स्थिती ओढवते. फ्यूज मधल्या जोडाच्या पुढे, स्क्रीनकडे जाणाऱ्या तारेत घालावा. केवळ प्लेटच्या रेलमध्ये फ्यूज घालणे तर त्याहून वाईट: प्लेटचे व्होल्टेज गेले आणि स्क्रीनचे राहिले, की कॅथोडमधून निघणारा करंट स्क्रीनवर जाऊन पडतो, जाळी लाल होते आणि महागडा व्हॉल्व्ह काही क्षणांत निकामी होतो. प्रायमरीमध्ये एक स्लो-ब्लो फ्यूज आणि स्क्रीनच्या तारेत एक, एवढे पुरेसे आहे. प्रत्येक स्क्रीनला स्वतंत्र १ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर मात्र विसरू नये.

ब्रिज केल्यावर निगेटिव्ह बायस गायब झाला. असे का?

बायस म्हणजे व्हॉल्व्हच्या कंट्रोल ग्रिडला दिलेले ऋण व्होल्टेज. टॅप चासीला असताना टोक ऋण बाजूला जाते, म्हणून एक उलटा डायोड, एक रेझिस्टर आणि कपॅसिटर एवढ्यावर बायस मिळत असे. ब्रिजमध्ये टोक चासीच्या खाली जेमतेम एका डायोडच्या ड्रॉपइतकेच जाते, त्यामुळे तेथून काही मिळणार नाही. यावर दोन उपाय आहेत.

पहिला कपॅसिटरमधून बायस घेण्याचा. वाइंडिंगच्या एका टोकाकडून ०.०४७ मायक्रोफॅरड, १६०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर आणून पुढे दोन डायोड असे लावावेत, की एक धन भाग चासीला सोडतो आणि दुसरा ऋण भाग फिल्टरमध्ये साठवतो. ५० हर्ट्झवर यातून सुमारे २ मिलिॲम्पिअर मिळतात आणि बायसच्या पोटेन्शिओमीटरला तेवढे पुरतात. दुसरा उपाय १२ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडण्याचा: त्याच्या १२ व्होल्टच्या बाजूला हीटरचे ६.३ व्होल्ट दिले, की २३० च्या बाजूला शंभराच्या आसपास एसी व्होल्ट मिळतात. मला दुसरा अधिक पसंत आहे, कारण त्यात उच्च व्होल्टेजशी काही संबंध येत नाही आणि कपॅसिटर शॉर्ट होण्याची भीती उरत नाही.

माझ्या ट्रान्सफॉर्मरला सेंटर टॅपच नाही. काय करावे?

व्होल्टेज डबलर करावा. २३० व्होल्टची एकच सेकंडरी असलेला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घेतला, तर दोन डायोड आणि सिरीजमधील दोन कपॅसिटर यांवर ६५० व्होल्ट मिळतात आणि कपॅसिटरच्या मधल्या जोडावर ३२५. वाइंडिंगचे एक टोक त्या मधल्या जोडाला असते, दुसरे दोन्ही डायोडना.

यातला खोडा असा, की प्रत्येक कपॅसिटर सेकंदाला पन्नास वेळाच भरतो, म्हणून मधल्या जोडावरील गुणगुण ५० हर्ट्झची असते आणि गाळायला जड जाते. शिवाय खालच्या डायोडमधून दोन्ही रेलचा करंट जातो आणि वरच्यातून फक्त वरच्या रेलचा. या दोहोंतला फरक म्हणजे मधल्या जोडावरचा सगळा भार, आणि तो वाइंडिंगमधून डीसी म्हणून वाहतो. साध्या स्टॅम्पिंगच्या ट्रान्सफॉर्मरला दहा-पंधरा मिलिॲम्पिअरचे काही वाटत नाही, पण टोरॉइड (कड्याच्या आकाराच्या कोअरचा ट्रान्सफॉर्मर) अशा डीसीने लवकर संपृक्त होतो आणि यांत्रिक घरघर सुरू करतो. सेंटर टॅपच्या ब्रिजमध्ये दोन्ही अर्ध्या वाइंडिंगमधील डीसी एकमेकांचा परिणाम रद्द करतो, म्हणून तेथे हा प्रश्न येत नाही.

रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवणे सोपे नाही का?

प्रीॲम्प्लिफायरसाठी सोपेही आहे आणि योग्यही. ४२४ व्होल्टवरून २५० वर यायचे आणि करंट ५ मिलिॲम्पिअर असेल, तर १७४ ला ०.००५ ने भागून सुमारे ३५ किलोओहम येतात. बाजारात ३३ किलोओहमचा मिळतो. उष्णता ०.९ वॉट, म्हणून ३ वॉटचा घ्यावा. क्लास ए मधील हा करंट फारसा बदलत नाही, तेव्हा व्होल्टेजही जागेवर राहते.

स्क्रीनचे तसे नाही. शांत असताना दोन ईएल३४ च्या स्क्रीन मिळून पाच-सहा मिलिॲम्पिअर घेतात आणि पूर्ण जोरावर तोच करंट चाळिसाच्या जवळ पोहोचतो. ८४८ वरून ४०० पर्यंत रेझिस्टरने उतरवायला गेले, तर शांततेत व्होल्टेज वर आणि जोरात असताना पार तळाला, असे होईल. एखाद्याकडे टॅप नसेल आणि डबलरही नको असेल, तर झेनर डायोडच्या माळेवर गेट टांगलेला मॉसफेट ट्रान्झिस्टर वापरता येतो; पण सुरू होताना त्याच्या सोर्सवरील कपॅसिटर रिकामा असल्यामुळे त्याला पूर्ण इनपुट व्होल्टेज सोसावे लागते, हे लक्षात घ्यावे. ४२४ व्होल्टच्या रेलवर ५०० व्होल्टचा आयआरएफ८४० चालेल, ८४८ च्या रेलवर तो टिकणार नाही.

जीझेड३४ सारखा व्हॉल्व्ह रेक्टिफायर या मांडणीत बसतो का?

वरच्या दोन डायोडच्या जागी जीझेड३४ आणि खालचे दोन सिलिकॉनचे, असा मिश्र ब्रिज होतो. त्याची ५ व्होल्टची हीटर वाइंडिंग मात्र ८४८ व्होल्टवर तरंगते आणि टॅपचे व्होल्टेज, सिलिकॉनमुळे, प्लेटच्या आधी येते. मधला जोड टॅपला बांधलेला असेल, तर खालच्या रेलकडून वरच्या रेलकडे एक डायोड जोडावा, म्हणजे वरचा कपॅसिटर उलटा भरला जात नाही. माझे मत विचाराल, तर एवढा खटाटोप करण्यापेक्षा आठही डायोड सिलिकॉनचे ठेवावेत.

अल्ट्रा-लिनिअर आऊटपुट ट्रान्सफॉर्मर चालेल का?

चालणार नाही. अल्ट्रा-लिनिअरमध्ये स्क्रीन आऊटपुट ट्रान्सफॉर्मरच्या टॅपला असते, म्हणून तिला प्लेटइतकेच डीसी व्होल्टेज मिळते. ट्रायोड जोडणीचेही तसेच. साधा ३.४ किलोओहमचा आऊटपुट ट्रान्सफॉर्मर ८०० व्होल्टवर लावणेही चूक आहे, कारण प्लेटचा करंट मर्यादेबाहेर जाईल. सॉकेट चिनीमातीचे घ्यावे: ईएल३४ मध्ये प्लेटची ३ क्रमांकाची पिन हीटरच्या २ क्रमांकाच्या पिनेला लागूनच आहे आणि जुन्या बॅकेलाइटवर याच दोघींच्या मध्ये ठिणगी धावून काळी रेघ उमटते.

माझा ॲम्प्लिफायर दोन ६व्ही६ चा, १२ वॉटचा आहे. मला याचा उपयोग आहे का?

प्लेट आणि स्क्रीनसाठी नाही. ६व्ही६ ला दोन्हीकडे जवळजवळ सारखेच व्होल्टेज चालते आणि चोकनंतर स्क्रीन जोडली की काम होते. मात्र ११५-०-११५ व्होल्टची सेकंडरी पडून असेल, तर ब्रिजवर ३२५ आणि टॅपवर १६२ व्होल्ट मिळतील. भार पडल्यावर वरची रेल ३०० च्या जवळ येते आणि आऊटपुट ट्रान्सफॉर्मर व कॅथोड रेझिस्टरवरील उतार जाता ती ६व्ही६ ला जमते. खालची पहिल्या टप्प्यातील ईसीसी८३ ला पुरते.

पहिल्यांदा चालू करताना काय मोजावे?

आधी मीटर पाहावा. अनेक स्वस्त मीटर ६०० व्होल्ट डीसीपर्यंतचेच असतात, येथे १००० चा हवा. चासी तिसऱ्या पिनेने अर्थला जोडलेली असावी. व्हॉल्व्ह न लावता, सिरीज बोर्डावर ६० वॉटचा फिलामेंटचा दिवा घालून पुरवठा द्यावा. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच पेटत राहिला तर एखादा डायोड उलटा आहे. मग मधल्या जोडावरील व्होल्टेज वरच्या रेलच्या बरोबर निम्मे आहे का ते मोजावे, आणि निम्म्यापासून दहा-पंधरा व्होल्टहून अधिक तफावत आली तर टॅपचा जोड पुन्हा तपासावा. त्यानंतर बायस ऋण आहे याची सॉकेटच्या ५ क्रमांकाच्या पिनेवर खात्री करावी. पुरवठा काढून, एक मिनिटाऐवजी दोन मिनिटे थांबून, दोन्ही कपॅसिटरवर मीटर लावून पाहावा, आणि मगच व्हॉल्व्ह बसवावेत.